२४ व्होल्टच्या ट्रकला मोबाइल स्टँड आणि चार्जिंग पॉइंट: लाइन कुठून घ्यायची?

कळंबोलीकर
मंडळी, नमस्कार. गाडी सहाचाकी, २४ व्होल्ट, वय बारा वर्षं. कळंबोलीच्या स्टील मार्केटातून माल भरतो; भिवंडी नाहीतर न्हावा शेवा बंदर. मी चालवतो, कधी मेहुणा. केबिनमध्ये फोन तीन. एक नकाशाला, एक ई-वे बिलाला आणि पार्टीला, तिसरा मेहुण्याचा. चार्जर एकच. पुढचं सांगायला नको.

आधी काचेला चिकटणारा रबरी स्टँड होता. मे महिन्यातल्या दुपारी पनवेलच्या पुढे तो सुटला आणि फोन थेट क्लचखाली. जीव घशाशी आला. तेव्हापासून नकाशा मेहुण्याच्या मांडीवर असतो आणि वळण मागे गेलं की तो सांगतो, "इथून डावीकडे होतं."

मार्चमध्ये एका वायरिंगवाल्याकडून पॉइंट बसवून घेतला. तो म्हणाला, "२४ वर चार्जर जळेल, मी १२ काढून देतो," आणि दोन बॅटऱ्यांना जोडणारी जी पट्टी असते, तिच्यावरून लाल वायर घेतली. चार्जिंग झकास. आता ऑगस्टात गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. एका बॅटरीचं पाणी सारखं आटतं, दुसरी पार बसली. बॅटरीवाला म्हणतो, जोडीने बदला.

हे त्या वायरीमुळेच झालं का? नवीन लाइन कुठून घेऊ? बंदराच्या गेटवर इंजिन बंद करून चार-पाच तास रांगेत असतो, तेव्हाही चार्जिंग लागतं. आणि स्टँड कसा बसवू?

कुर्ल्याचा वायरमन
दादा, त्या वायरीमुळेच. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे १२-१२ च्या एकीमागे एक जोडलेल्या, डायनॅमो दोघींना मिळून २८ च्या आसपास देतो आणि दोघींतून करंट सारखाच जातो. तुम्ही खर्च मात्र एकट्या खालचीतून केलात, म्हणजे अर्थिंगकडच्या बॅटरीतून. ती कधी भरतच नाही, आणि तिचं पोट भरायच्या नादात वरची उकळते. वरची उकळते, खालची उपाशी. पाणी आटतंय ती वरची, बसली ती खालची. बघा जुळतंय का.

असं कधीच काढायचं नाही. बाजारात १२–२४ व्होल्ट लिहिलेले यूएसबी सॉकेट सर्रास मिळतात. पाकिटावर ३२ पर्यंत चालतो असं लिहिलेला घ्या, कारण चालू गाडीत २४ चे २८ होतात. नुसता १२ लिहिलेला लावलात तर धूर निघेल.

रांगेतल्या चार्जिंगला घाबरू नका. १८ वॅटचा फोन २४ व्होल्टवर पाऊण अँपिअर ओढतो. पाच तास सलग ओढला तरी चारच्या आत अँपिअर-तास. तुमच्या बॅटरीला ते काही नाही. म्हणून एक सॉकेट चावीच्या लाइनवर, दुसरं बॅटरीवरून डायरेक्ट, पण मध्ये बटण टाकून. बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच असेल तर डायरेक्टची लाइन त्याच्या पुढून, केबिनच्या बाजूने घ्या, म्हणजे रात्री स्विच पाडला की सगळं मेलं.

तीन फोन मिळून ५० वॅट धरा, दोन अँपिअरच्या जवळपास. दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरे, फ्यूज ५ अँपिअरचा. फ्यूज लाइन जिथून उचलली तिथे, वीतभर अंतराच्या आत. लोक तो सॉकेटच्या मागे लपवतात. अहो, फ्यूज चार्जरसाठी नसतो, वायरीसाठी असतो! बॅटरीपासून केबिनपर्यंत वायर कुठे घासली तर मधे अडवायला कोण आहे? हेडलाइट आणि वायपरच्या फ्यूजवरून लाइन उचलू नका. अर्थिंग रंगावर चालत नाही, पत्रा घासून वायरीच्या टोकाचं थिंबल (धातूची कडी) बोल्टाखाली घ्या.

मुलुंडचा टेम्पोवाला
माझं काम चारशे रुपयांत झालं. लायटरच्या वायरीला पीळ मारला, वरून टेप. तीन वर्षं चालू आहे.

कुर्ल्याचा वायरमन
@टेम्पोवाला, तुमचा टेम्पो १२ व्होल्टचा. आणि त्या पिळाला उन्हात हात लावून बघा, टेपचा डिंक बोटाला लागेल.

घाटवळण
स्टँडचं मी सांगतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक खरबरीत, त्यावर दुहेरी टेप टिकत नाही. चार बोल्टांचा बॉलवाला स्टँड घ्या, मागून पट्टी, वॉशर आणि नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट. खंडाळ्याच्या घाटात साधे नट स्वतःच उलटे फिरतात.

ड्रिल मारण्याआधी मागे हात घालून चाचपा. जुन्या गाडीत ब्रेकच्या प्रेशर मीटरची हवेची नळी बरोबर तिथूनच जाते. ड्रिलच्या टोकापासून पाऊण इंचावर टेप गुंडाळा, टेप टेकली की थांबायचं. जागा स्टेअरिंगच्या डावीकडे, मीटरच्या उंचीला. स्टँडचं डोकं काचेच्या खालच्या कडेच्या वर निघू देऊ नका. काचेजवळ फोन तापतो आणि चार्जिंग स्वतःच बंद करतो. एसी केबिन सक्तीची झाली ती २०२५ मध्ये, तीही नव्या गाड्यांना, आपल्याला खिडकीचाच वारा.

सॉकेट आडवं, तोंड वर करून कधी बसवू नका. काचेभोवतीचं रबरी बीडिंग जुलैत गळतं.

आणि ऑक्टोबर २०२० पासून नियमात फोन फक्त रस्ता बघायला चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही असा. पार्टीचा फोन मेहुण्याकडे द्या.

कळंबोलीकर
झालं एकदाचं. वरची-खालची, अगदी तसंच निघालं. जोडी बदलली, खर्च विचारू नका. रविवारी घरासमोर मीच बसलो. हवेची नळी खरंच होती, बोटभर खाली! सॉकेट उभं बसवलं. एफएमवर खरखर आली होती, वायर अँटेनापासून वेगळी ओढली तशी गेली.

नकाशा आता स्टँडवर आहे. मेहुणा वळणाच्या आधी सांगतो, "डावीकडे." नकाशातली बाई सांगून झाल्यावर.