बायको आणि सामान मागे असलं की गाडी 85 ला शेपूट हलवते, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) टाईट केल्यापासून तर अजूनच बिघडली

हायवे_आणि_चहा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, विचारतोय पहिल्यांदाच, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या. गाडी 350 सीसी, सिंगल सिलिंडर, मागे दोन शॉकअप, तारेची चाकं, 31 हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मग प्रश्न राहतो बाजूला आणि "तरी सांगत होतो ही घेऊ नको" सुरू होतं.

तर दिवाळीनंतर आम्ही दोघं पुण्याहून गोकर्णला जाऊन आलो. मागे कॅरिअरवर 45 लिटरचा टॉप बॉक्स, दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा, आणि हँडलला क्लॅम्प होणारी मोठी विंडशील्ड नवीनच लावलेली. कराडपर्यंत काही नाही. कोल्हापूर सोडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा 85 च्या वर गेला आणि गाडी मागून डुलायला लागली. हँडल फडफडत नाही हं, हातात तसं काही जाणवत नाही, अख्खी गाडीच संथपणे डावी-उजवी करते, बैलगाडीच्या मागे बांधलेल्या वासरासारखी. येताना तवंदी घाटातल्या लांब वळणावर शेजारून ट्रक गेला आणि असं डुललं की बायको मागून ओरडली "मुद्दाम करतोयस का?" तिथून घरापर्यंत 65 ने आलो.

आल्यावर नेहमीच्या मिस्त्रीकडे टाकली. त्याने पुढचं चाक दोनदा हलवलं, म्हणाला कोनसेट लूज आहे, 150 रुपयात टाईट करून दिला. आता नवीनच नाटक. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये 15-20 ला गाडी सरळ जातच नाही, पिऊन चालवल्यासारखं सारखं हँडल सावरावं लागतं. आणि 85 चं डुलणं होतं तसंच आहे!

हवा पंपावरच भरतो, पुढे 25 मागे 30. मागचा टायर गाडीबरोबर आलेला. शॉकअपला कधी हात लावलेला नाही. एक मित्र म्हणतो सहा हजाराचा स्टीअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके दाबणारा छोटा शॉकअप) लाव. फेब्रुवारीत हंपी ठरलंय आणि बायको म्हणते बसने जाऊ. काय करू?

चिमटा_बुश

भावा आधी त्या कोनसेटचं बघ, बाकीचं नंतर. तुझी गाडी आजारी होती एका रोगाने आणि मिस्त्रीने औषध दिलं दुसऱ्याच, त्यामुळे आता रोग दोन झालेत.

गाडी डबल स्टँडवर घे, इंजिनखाली पेव्हर ब्लॉक किंवा लाकडी ठोकळा सरकव म्हणजे पुढचं चाक हवेत येईल. हँडल बरोबर मध्ये धर आणि एका बोटाने हलकं टोचून सोड. चांगल्या गाडीत ते आपल्या वजनाने एका बाजूला जाऊन टेकतं. तुझं अर्ध्यात थांबेल, लिहून देतो. जास्त आवळलेला कोनसेट म्हणजे मान आखडलेला माणूस. गाडी स्वतःला सरळ ठेवायला चालताना हँडलला सारखे बारीक बारीक झोल देत असते, आपल्याला ते कळतही नाहीत, आणि बेअरिंग आवळलं की ते बंद होतं. मग तो तोल तुला हाताने सांभाळायला लागतो, आणि माणूस प्रत्येक वेळी थोडं जास्तच सावरतो. ट्रॅफिकमधलं तुझं पिणं ते हेच 😄

आणि मध्यावर आल्यावर हँडल खाचेत बसल्यासारखं अडकलं तर टाईट-लूज करत बसू नको, आतल्या वाट्यांना गोळ्यांचे खड्डे पडलेत, सेट नवीनच टाकावा लागतो. मी गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरचं टेपर बेअरिंग टाकतो. फक्त टाकल्यावर चार-पाचशे किमीने ते बसतं आणि थोडा प्ले (ढिलेपणा) येतो, तेव्हा परत जाऊन चेक करायचं, हे कुणी करत नाही. लूज आहे का ते बघायचं तर फोर्कचे खालचे दोन पाय धरून पुढे-मागे ओढ, टक टक लागलं तर लूज. चाक धरून हलवायचं नाही, चाकाचं बेअरिंग गेलं असेल तरी चाक हलतं.

रायडर_डॉन_7

डॅम्पर लाव रे, विषय संपला.

आडवाट_ताई

विषय नाही संपत डॉन, उलट वाढायची शक्यता. मी मेकॅनिकल वाली आहे त्यामुळे थोडं पुस्तकी वाटेल, पण हे कळल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

गाडी हलण्याचे मुख्य प्रकार दोन. एक वॉबल, यात फक्त पुढचं टोक फडफडतं, सेकंदाला सात-आठ वेळा, बऱ्याचदा 80 वरून 60 वर येताना आणि हँडलवरची पकड सैल असताना. दुसरा वीव्ह, म्हणजे अख्खी गाडी डुलते, संथ, सेकंदाला दोन-तीन वेळा, आणि वेग वाढवला की वाढतो. तुम्ही वासराचं लिहिलंय ते शंभर टक्के दुसरं. रॉबिन शार्प नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकाने 1971 सालीच हे दोन्ही गणिताने वेगवेगळे मांडून दाखवलेत. पुढे यातून हेही निघालं की स्टीअरिंग डॅम्पर वॉबल मारतो पण जास्त वेगातला वीव्ह त्याने वाढूही शकतो. म्हणजे सहा हजार देऊन दुखणं विकत घ्यायचं.

वीव्हचं मूळ बहुतेक वेळा मागे असतं, आणि तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात आधी डोळ्यात आला तो टॉप बॉक्स. तो मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो. तिथे ठेवलेला प्रत्येक किलो मागचं चाक दाबतो आणि पुढचं उचलतो, शेताच्या पहारीसारखं. त्यात उंच, त्यात मागे बसलेलं माणूस, आणि शॉकअपची स्प्रिंग सगळ्यात मऊ खाचेवर (कधी हात लावला नाही म्हणताय म्हणजे तसंच असणार). गाडी मागे बसली की पुढचं चाक नुसतं रस्त्याला शिवत जातं. बॉक्समध्ये काय काय होतं ते लिहा बरं? आणि कॅरिअरवर किती किलोचं स्टिकर आहे तेही बघा, माझ्या कॅरिअरवर 5 लिहिलंय आणि लोक त्यावर गॅस शेगडी घेऊन फिरतात.

हवा सकाळी गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजा. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो, शिवाय पंपाचं गेज किती खरं ते पंपालाच माहीत. दोघं आणि सामान असताना मागे किती भरायची ते गाडीच्या स्टिकरवर वेगळं लिहिलेलं असतं, एकट्याचा आकडा नाही.

जुना_बुलेटवाला

ताई बरोबर बोलली. माझे दोन पैसे. विंडशील्ड काढून एकदा त्याच रस्त्यावर चालवून बघा, फुकट टेस्ट आहे. हँडलला लावलेली काच म्हणजे हँडलला बांधलेलं शीड, ट्रकची हवा आली की तीच गाडी वळवते. आणि डांबर टाकायच्या आधी रस्ता खरवडून ठेवतात ना, त्या उभ्या रेघांवर कुठलीही गाडी डुलते, त्यावरून निदान करू नका, आमच्या ग्रुपमधल्या एकाने त्या नादात नवा टायर बदलला होता.

आणि परत डुलली तर: ब्रेक मारायचा नाही, हँडल आवळायचं नाही, एक्सिलेटर एकदम सोडायचा नाही. गुडघ्याने टाकी धरायची, छाती पुढे न्यायची, हात ढिले, आणि हळूहळू वेग उतरवायचा. भीतीने आपण नेमकं याच्या उलटं करतो. तशीही दुचाकीला चौपदरी हायवेवर 80 ची मर्यादा आहे, पण ते सांगणारा मी कोण, माझीही पावती फाटलीय.

हायवे_आणि_चहा

बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रविवारी अर्धा दिवस पार्किंगमध्ये काढला, सोसायटीचा वॉचमन मदतीला. हे सापडलं:

हँडल टोचून सोडलं, चिमटा भाऊ म्हणाले तसंच अर्ध्यात थांबलं 🙏 खाच मात्र लागत नाही.

बॉक्समध्ये होतं: दोन लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या, पाने-पक्कड, पंप, जुनी ट्यूब, रेनकोट दोन, आणि आईने दिलेला लाडवांचा स्टीलचा डबा. वजनकाट्यावर ठेवलं, बॉक्स धरून 14 किलो. कॅरिअरचं स्टिकर केव्हाच उडून गेलंय.

आणि आता हसू नका, शॉकअपच्या खाचा मोजल्या तर डावा पहिल्या खाचेत आणि उजवा तिसऱ्या!! मी खरंच हात लावलेला नाही, कुठल्या तरी सर्व्हिसिंगला कुणीतरी अर्धंच काम करून सोडलंय. थंड हवा मोजली, मागे 26 निघाली.

आडवाट_ताई

14 किलो 😳 लाडू सॅडल बॅगमध्ये, तळाला, शक्य तितके पुढे. पाणी आणि पाने टँक बॅगेत. बॉक्समध्ये रेनकोट आणि चिप्सची पाकिटं. दोन्ही शॉकअप एकाच खाचेवर, दोघं असाल तर वरच्या. टायरचं वय पण बघा, साईडवॉलवर डॉट या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

चिमटा_बुश

माझ्या नावालाच जागायचं राहिलं. चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दुपायी दांडा, चेक केलास का? मागचं चाक हवेत, एका हाताने फ्रेम धर, दुसऱ्या हाताने चिमट्याचं मागचं टोक आडवं ओढ-ढकल. मग नुसतं चाक वर-खाली धरून हलव. चाक हलतं आणि चिमटा नाही तर चाकाचं बेअरिंग, दोन्ही मिळून हलतात तर चिमट्याच्या सांध्यातला बुश गेला. 31 हजाराला, पावसात चालवलेली, ग्रीस कुणी मारलेलं नाही, मी तर डोळे झाकून बुशवर पैज लावीन. आणि काम एका वेळी एकच कर, मध्ये गाडी चालव. सगळं एकदम बदललंस तर बरं कशाने झालं ते कधीच कळणार नाही.

हायवे_आणि_चहा

अपडेट, तीन आठवड्यांनी. चिमटा भाऊ पैज जिंकलात.

क्रमाने केलं. आधी कोनसेट सैल करून घेतला, या वेळी मी शेजारी उभा राहून बोटाने टोचून बघितल्याशिवाय पैसे दिले नाहीत, मिस्त्री थोडा रागावला. ट्रॅफिकमधलं पिणं त्याच संध्याकाळी बंद. मग हवा आणि खाचा, सामान तेवढंच ठेवून: डुलणं 85 ऐवजी 92-93 ला सुरू. मग सामान हलवलं: बरंच कमी, पण ट्रकशेजारी अजून एखादी लाट यायची. विंडशील्ड काढून बघितली, आमच्या गाडीत तरी फार फरक नाही, परत लावली. शेवटी चिमटा उघडला. बुश एका बाजूने अंडाकृती झालेला आणि पिनवर ग्रीसच्या जागी तांबडी माती. बुश, पिन आणि मजुरी धरून 1400 गेले.

टायर अजून तोच आहे, आकडे 4120 निघाले आणि मधला पट्टा पाटासारखा सपाट झालाय, तो पगार झाल्यावर. चाक सरळ बसवायला चेनजवळ असतात त्या खुणांवर विश्वास न ठेवता दोन दोऱ्या मागच्या टायरला लावून पुढपर्यंत ताणल्या तर पुढच्या चाकाला डावीकडे फट जास्त निघाली, म्हणजे मागचं चाक तिरकं बसलेलं. तेही सरळ केलं.

काल दोघं सातारला जाऊन आलो, सगळं सामान घेऊन, मुद्दाम. खंबाटकीनंतरच्या सरळ पट्ट्यात ट्रक गेला, मी दात आवळून वाट बघत बसलो आणि काहीच झालं नाही. बायकोला विचारलं कसं वाटलं, तर ती झोपली होती.

रायडर_डॉन_7

म्हणजे डॅम्पर नाही लागला?

हायवे_आणि_चहा

नाही रे. त्या सहा हजारात टायर येतोय, वर लाडवांचं तूप पण.