सरकारी इमारतीचं एसी टेंडर, वीजबिल २५ टक्के कमी करायची हमी मागतायत, भरावं का?

गारवा_नाशिक:
नमस्कार मंडळी. आमची एसीची छोटी फर्म आहे नाशिकला, बँकांच्या शाखा, दवाखाने, शोरूम अशीच कामं करतो, सरकारी म्हणाल तर फक्त सप्लाय, तोही जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. आता शेजारच्या जिल्ह्यात एका सरकारी इमारतीचं टेंडर निघालंय. तीन मजले, आत चार-पाच वेगवेगळी ऑफिसं, जुने विंडो आणि स्प्लिट काढून इन्व्हर्टर स्प्लिट बसवायचे आणि पाच वर्षं मेंटेनन्स बघायचा. इथपर्यंत ठीक आहे. पण एक कलम असं आहे की काम झाल्यावर इमारतीचं वीजबिल मागच्या वर्षापेक्षा २५ टक्के कमी यायला पाहिजे, आणि आपली ४० टक्के रक्कम त्या बचतीतून हप्त्यांनी देणार, बचत दिसली नाही तर हप्ता कापणार. फाइव्ह स्टार मशीन बसवल्यावर बचत होणार यात मला शंका नाही, पण कागदावर हमी लिहून द्यायची म्हटलं की धाकधूक होते. असं काम कुणी केलंय का? भरावं की सोडावं?

युनिट_मोजणारा:
मी एनर्जी ऑडिटची कामं करतो. आधी साधं गणित करून बघा. जुन्या मशीनचं आयसीअर (म्हणजे एवढ्या विजेत किती गारवा मिळतो तो लेबलवरचा आकडा) ३ धरलं आणि नव्याचं ५, तर तेवढ्याच गारव्याला ४० टक्के युनिट कमी लागतील. पण हे फक्त एसीच्या युनिटवर झालं, आणि हमी मागतायत पूर्ण बिलावर. इमारतीच्या बिलात एसीचा वाटा निम्मा असेल तर ४० टक्क्यांचे निम्मे म्हणजे २० टक्के, तेही सगळं जिथल्या तिथे जुळून आलं तर. म्हणजे या हिशेबानं नुसते एसी बदलून २५ टक्के होत नाहीत. उरलेलं पंखे आणि लाईटमधून काढायला लागेल, जुना पंखा ७५ वॅट खातो आणि नवा कमी वीज खाणारा बीएलडीसी साधारण ३० वॅट, पण तुमच्या बीओक्यूत (टेंडरमधल्या कामांच्या यादीत) पंखे आहेत का? नसतील तर ज्या कामाचे पैसेच मिळणार नाहीत त्याची हमी तुम्ही देताय.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. सरकारी इमारतीत जुन्या एसींपैकी कितीतरी बंद असतात, कुठे कॉम्प्रेसर गेलेला, कुठे गॅस नाही, लोक खिडक्या उघडून पंख्याखाली बसलेले असतात. म्हणजे मागच्या वर्षीचं बिल बंद एसींचं बिल आहे. तुम्ही सगळे चालू करून दिले की बिल वाढणारच, आणि कलमाप्रमाणे तुम्ही नापास! त्यामुळे बेसलाइन, म्हणजे बचत ज्याच्याशी तुलना करून मोजायची तो आकडा, नुसत्या जुन्या बिलावर मान्य करू नका. टेंडर भरायच्या आधी संयुक्त पाहणी मागा, कोणता एसी चालू, कोणता बंद, किती टनाचा, त्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या.

आणि मोजमाप शक्यतो एसीच्या सर्किटवर वेगळे मीटर लावून करा. जगभर बचतीच्या करारांना आयपीएमव्हीपी म्हणून पद्धत वापरतात, त्यात पूर्ण बिलावरून बचत काढायचा पर्याय आहे, पण पुढे इमारतीत माणसं वाढली, नवा सर्व्हर आला, मे महिना जास्त तापला तर बेसलाइन कशी दुरुस्त करायची हे आधी लिहून ठेवायला लागतं. तुमच्या कलमात त्याबद्दल एक ओळ तरी आहे का?

गारवा_नाशिक:
एक ओळही नाही. पंखेही नाहीत. नुसतं मागील आर्थिक वर्षाचे देयक एवढंच लिहिलंय. बंद एसींचं तर डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार.

जुना_शाखा_अभियंता:
युनिट_मोजणारा यांनी तांत्रिक बाजू बरोबर सांगितली, मी पैशाची सांगतो कारण असे करार खरे तिथेच अडतात. वीजबिल भरतं ते ऑफिस, त्याच्या कार्यालयीन खर्चातून. टेंडर काढतो सार्वजनिक बांधकामचा विद्युत विभाग. बिल कमी झालं की बचत ऑफिसच्या लेखाशीर्षात (खर्चाच्या हेडमध्ये) पडते, बांधकामच्या हातात त्यातला रुपया येत नाही, मग तुमचा हप्ता कोण देणार आणि कुठल्या हेडमधून? शिवाय वर्षाअखेर न वापरलेला निधी परत जातो. त्यात तुमच्या इमारतीत चार-पाच ऑफिसं म्हणजे चार-पाच मीटर आणि पैसे काढून द्यायचा अधिकार असलेले चार-पाच आहरण व संवितरण अधिकारी. हप्त्याचं लेखाशीर्ष आणि देणारा अधिकारी कोण हे करारात पाहिजे, आणि जमलं तर एस्क्रो खातं, म्हणजे हप्त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवलेलं खातं.

ईईएसएल या वीजबचतीची कामं करणाऱ्या सरकारी कंपनीचं मॉडेल यासाठीच वेगळं आहे, गुंतवणूक ती कंपनी करते आणि ऑफिस तिला ठरलेले वार्षिक हप्ते देतं. २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागानं राज्यातल्या सरकारी इमारतींसाठी त्यांच्याबरोबर करारही केला होता. पण ती एनटीपीसी, पॉवरग्रिड वगैरे सरकारी कंपन्यांनी मिळून २००९ मध्ये काढलेली कंपनी, हप्ता लांबला तरी ती तग धरते. तुमच्यासारख्या फर्मचं खेळतं भांडवल चाळीस टक्क्यांवर अडकलं तर पगार कसे करणार?

माझं मत स्पष्ट आहे. बचतीचा करार ही चांगली कल्पना आहे, सरकारी इमारतींत तो व्हायलाच पाहिजे, नाहीतर एल-वनच्या (सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम देण्याच्या) नादात सगळ्यात स्वस्त मशीन येतं आणि पुढची दहा वर्षं बिल जनता भरते. केंद्राच्या खर्च विभागानं ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत गुण द्यायची वाट काही कामांसाठी मोकळी केली ती याच दुखण्यामुळे. पण जोखीम सगळी ठेकेदाराच्या गळ्यात आणि मोजमाप कसं ते कुणालाच माहीत नाही, असा करार म्हणजे बचतीच्या नावावर उधारी. टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये हे सगळं लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका, शुद्धिपत्रक निघालं तरच ते कराराचा भाग होतं.

फिल्टर_ताई:
मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये आहे, रोजचे एसी बघते म्हणून लिहिते. टेंडरमध्ये टनेज कुणी ठरवलं ते बघा. बहुतेक वेळा जुना दीड टनाचा होता म्हणून नवाही दीड टन असं उतरवलेलं असतं, हीट लोड, म्हणजे खोलीत किती उष्णता येते ते, कुणी काढतच नाही. वरच्या मजल्याला स्लॅब तापतो तिथे दीड टन कमी पडतो, तळमजल्याला तोच जास्त होतो. वरच्या स्लॅबवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा कोट किंवा इन्सुलेशन टाकलं तर वरच्या मजल्याचे एसी सुखात चालतील, हा आयटम बीओक्यूत घ्या म्हणून जरूर सुचवा, मशीनपेक्षा स्वस्त पडतो.

आऊटडोअर कुठे बसणार तेही विचारा. डक्टमध्ये एकावर एक रचले की खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, लेबलवरचं आयसीअर मग लेबलवरच राहतं. आणि सेटिंग! २०२० पासून नवे रूम एसी २४ डिग्री डिफॉल्टवर येतात पण साहेब लोक आल्या आल्या १८ करतात. एक डिग्री वाढवली तर साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई (स्टार लेबल देणारी केंद्राची संस्था) सांगतं, म्हणजे १८ आणि २४ मध्ये तुमची सगळी हमी वाहून जाईल. सेट टेंपरेचर किती ठेवायचं आणि ते पाळायची जबाबदारी ऑफिसची, हे करारात लिहून घ्याच.

जुन्या मशीनमध्ये बरेचसे आर-२२ गॅसवाले असतील. तो गॅस हवेत सोडायचा नाही, सिलेंडरमध्ये काढून घ्यायचा, त्याचा रेट वेगळा लावा. नवे बहुतेक आर-३२ चे येतील, तो थोडा ज्वलनशील आहे, मुलांना ट्रेनिंग नसेल तर ब्रेझिंगच्या (ज्योतीनं पाइप जोडायच्या) वेळी जपा. जुना माल ई-कचऱ्याच्या नियमात येतो, भंगारवाल्याला देता येत नाही, आणि ऑफिसनं आधी निर्लेखन (जुना माल नोंदीतून काढणं) केलं नसेल तर ती खोकी तुमच्याच गोडाऊनमध्ये पडून राहतील.

गारवा_नाशिक:
तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मनापासून आभार. अजून एक, आमचं लघुउद्योगाचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, पेमेंट ४५ दिवसांत मिळायचा कायदा इथे चालेल का?

जुना_शाखा_अभियंता:
२००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण सप्लाय आणि बसवणं एकत्र असलं की ते वर्क्स कॉन्ट्रॅक्ट ठरतं, आणि त्याला हा कायदा लागू होतो का यावर कोर्टात वाद झालेत, मुंबई हायकोर्टानं नाही असंही म्हटलंय. त्यामुळे त्या भरवशावर दर कमी करू नका. बयाणा रकमेतून (टेंडरसोबत भरायच्या अनामतीतून) सूट मिळते का ते निविदेच्या अटींत बघा, मिळत असेल तर सर्टिफिकेट जोडा.

युनिट_मोजणारा:
प्री-बिडची तारीख कधी आहे? मागच्या बारा महिन्यांची बिलं मिळाली तर इथे टाका, ग्राहक क्रमांक झाकून. उन्हाळ्याचे महिने आणि डिसेंबर-जानेवारी यातला फरक बघितला की एसीचा वाटा बऱ्यापैकी कळतो, ते मी काढून देतो, म्हणजे २५ च्या जागी कोणता आकडा मागायचा ते तुम्हाला तिथे ठामपणे सांगता येईल.

गारवा_नाशिक:
पुढच्या गुरुवारी आहे. बिलं मागायला उद्याच जातो.