मदत हवी आहे: 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' बोटीच्या खालच्या बाजूचे फोटो कुठे मिळतील?

ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने सिडनीत घराच्या मागच्या अंगणात लाकूड आणि फायबरग्लासची ही हायड्रोप्लेन (पाण्याला जेमतेम टेकत धावणारी वेगवान बोट) बांधली, लष्कराच्या लिलावातलं जुनं वेस्टिंगहाऊस जे-३४ जेट इंजिन तिला बसवलं आणि ८ ऑक्टोबर १९७८ला ब्लोअरिंग धरणावर पाण्यावरच्या वेगाचा ताशी ५११ किमीचा जागतिक विक्रम केला, जो अजून कोणी मोडलेला नाही! माझ्यासाठी हा माणूस खरंच ग्रेट आहे.

मी तिचं बाल्सा लाकडाचं मॉडेल बनवतोय, फक्त शोकेससाठी, पाण्यात सोडायचं नाहीये. नेटवर भरपूर शोधलं, पण बहुतेक फोटो बाजूचे नाहीतर वेगात पाणी उडतानाचे, त्यामुळे पुढचे दोन स्पॉन्सन (दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, पाण्याला टेकणारे भाग) मूळ तळाला नेमके कसे जोडलेत आणि रडर (सुकाणू) कुठे आहे हेच दिसत नाही. डोनाल्ड कॅम्पबेलच्या 'ब्लूबर्ड' या विक्रमी बोटीचे ड्रॉइंग कृपया सुचवू नका, ती बोट वेगळी. रेडीमेड किटही नकोय.

बोट डार्लिंग हार्बरच्या सागरी संग्रहालयाकडे आहे, मला तिकडे जाणं शक्य नाही. सिडनीतल्या कोणी खालून काढलेले फोटो आहेत का? आणि नोव्हेंबर १९७७च्या पहिल्या विक्रमानंतर रडर किंवा शेपटीत काही बदल केले होते का, कोणाला नक्की माहितीये?