परसातल्या चिऱ्याच्या खोलीत ड्रमसेट आहे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काय करावं?

परसदार (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. घरामागे परसात आमची दहा बाय बाराची चिऱ्याची खोली आहे. पूर्वी तिथे नारळ, सोडणं, लाकूडफाटा असायचा. आता लेकीचा ड्रमसेट आहे. बारावीचा अभ्यास सांभाळून ती रोज वाजवते आणि मनापासून वाजवते. भिंतींना गिलावा नाही, वर पत्रा, दार जुनं फळ्यांचं, आणि वारा खेळावा म्हणून भिंत नि पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट ठेवलेली.

शेजारच्या काकांच्या झोपायच्या खोलीची खिडकी कुंपणापासून पंधरा फुटांवर आहे. काका आजारी असतात. ते कधी काही बोलले नाहीत, पण परवा काकूंनी कुंपणापाशी हळूच विचारलं, "आज किती वाजेपर्यंत गो?" तेव्हापासून मला चैन नाही. लेकीचं वाजवणं थांबवायचं नाही आणि काकांची झोपही मोडायची नाही.

सुतार म्हणतो, अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल लावू. लाखभर रुपये बाजूला ठेवलेत, पावसाआधी काम उरकायचंय. सुरुवात कुठून करू?

गवंडी_चिपळूण

ताई, ट्रे नको आणि थर्माकोलही नको. त्यांनी फार तर खोलीतला घुमारा थोडा कमी होईल, बाहेर जाणारा आवाज आहे तेवढाच राहील. आवाज अडवतं ते वजन. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम ४ किलो भरतो, चिऱ्याची भिंत त्याच्या कित्येक पट. वजन दुप्पट झालं की साधारण ५-६ डेसिबल जास्त अडतात, या हिशोबाने तुमच्या भिंती चांगल्या आहेत आणि डोक्यावर जवळपास काहीच नाही.

आधी ती फट बुजवा. माठाला चीर असली तर माठ कितीही जाड असून पाणी राहत नाही, तसंच हे. भिंत पत्र्याला भिडेपर्यंत चढवून घ्या. मग आतून सिमेंटचा गिलावा. चिरा सच्छिद्र असतो, शिवाय जुन्या बांधकामात सांधे पोकळ झालेले असतात, तिथून आवाज आरपार जातो. बाहेरून चिरा दिसायला हवा असेल तर तिकडे नुसत्या दर्जा भरा, म्हणजे दगडांमधले सांधे सिमेंटने भरा, पण आतला गिलावा सोडू नका.

खरा पैसा छतावर घाला. पत्र्याखाली दुसरं छत करायचं, पण ते पत्र्याच्या लोखंडाला टांगायचं नाही. टांगलं तर कंप तसाच वर चढतो आणि पत्रा वाजतो. भिंतीवरून भिंतीवर चौकोनी पाइप टाका, पाइप जिथे टेकतात तिथे जाड रबराची पट्टी. पाइपांना खालून १२ मिमीच्या सिमेंट बोर्डाचे दोन थर, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, कडा सीलंटने भरायच्या. बोर्डाच्या वर ५० मिमीची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), घनमीटरला ४८ किलो घनतेची. पत्रा आणि बोर्ड यांच्यातली पोकळी जितकी मोठी ठेवाल तितकं बेस ड्रमला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) बरं. आपल्या दमट हवेत जिप्सम आणि साधं प्लाय टाळा, एक फुगतं आणि दुसऱ्याला वाळवी लागते. पत्रा कुठे गळतोय का ते आधी बघा, भिजलेली रॉकवूल काही कामाची नाही.

आवाज अजिबात येणार नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बेसचा ठोका थोडा जाणवेलच.

ताल_पणजी

मी बँडमध्ये वाजवतो. वरचं सगळं पटलं, दोन गोष्टी माझ्याकडून.

बेसच्या पेडलचा दणका जमिनीतून खोलीच्या पायापर्यंत, म्हणजे बांधकामापर्यंत जातो. सेट थेट लादीवर ठेवू नका. जाड रबरी मॅट, तिच्यावर मरीन प्लायचे दोन थर, वर गालिचा, आणि या पाटाची कड कुठेच भिंतीला लागता कामा नये.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. खोली बंद केली की तो सगळा आवाज लेकीच्या कानांवर येणार. छोट्या खोलीत ड्रम सहज १०० डेसिबलच्या वर जातात. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. कारखान्यात वापरतात तसे इअरमफ आजच आणा, बांधकाम होईल तेव्हा होईल. गिलाव्याच्या भिंतींवर रॉकवूलच्या कापड चढवलेल्या चौकटी टांगा, इथे त्यांचा खरा उपयोग आहे. रोजच्या हातांच्या सरावाला ड्रमवर नेहमीच्या कातड्याऐवजी कमी आवाजाची जाळीची कातडी चढवली तर दुपारी वाजवलं तरी शेजारी फारसं ऐकू जाणार नाही.

परसदार (रत्नागिरी)

दोघांचेही मनापासून आभार. इअरमफ उद्याच आणते. फट बुजवून दार लावलं तर मे महिन्यात आत जीव गुदमरेल. एसी लावला तर चालेल ना?

गवंडी_चिपळूण

स्प्लिट एसी आतलीच हवा गार करतो, ताजी हवा आणत नाही. सिमेंट बोर्डाची पेटी करा, आत नागमोडी वाट, तिला आतून रॉकवूल आणि वर काळं कापड. एक पेटी हवा आत घ्यायला, दुसरी पंखा लावून बाहेर सोडायला, दोन्हींची तोंडं काकांच्या घराच्या उलट दिशेला. फळ्यांचं दार काढून भरीव फ्लश डोअर बसवा, चौकटीला चारी बाजूंनी रबर, उंबरठ्यालासुद्धा.

नियमाचं म्हणाल तर निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० ला ५५ डेसिबल, रात्री ४५. खाजगी जागेतल्या वाद्याचा आवाज हद्दीवर त्याहून ५ ने जास्त चालतो. पण काका दुपारी किती वाजता पडतात ते काकूंना आधी विचारून घ्या, ते या आकड्यांपेक्षा मोठं. लेकीला पूर्ण जोरात वाजवायला सांगून कुंपणापाशी मोबाईलवर आकडा बघून ठेवा. मोबाईल अचूक नसतो, पण कामाआधीचा आणि नंतरचा फरक कळतो. छत झाल्यावर त्याच जागी पुन्हा बघा. तेव्हाही फार उतरला नसेल तर नवा खर्च करण्याआधी रात्री आत दिवा लावून बाहेरून फिरा. जिथून उजेड दिसेल तिथून आवाज जातोय.