सकाळची शाळा आणि सव्वानऊची बस

आबाजी (14 जून 2025, सकाळी 6.50)
आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. पुण्याची मंडळी काल रात्रीच्या गाडीने निघाली आणि अंगणातला गलका एकाएकी थांबला. त्यांची शाळा सोमवारी, 16 तारखेला उघडते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आठवडाभर उशिरा, म्हणजे 23 जूनला सुरू होतील. लिहिण्याचे कारण असे की मोठी नात यंदा आठवीत जाते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे, त्यामुळे तिला तालुक्याला जावे लागेल. याविषयी प्रत्येकाने आपले मत पूर्ण वाक्यांत लिहून कळवावे. बोलून पाठवलेले संदेश मला नीट ऐकू येत नाहीत, आणि अंगठ्याच्या चित्राला होकार समजावे की नुसती पोच, हे मला अजून उमगलेले नाही.

आत्या, अमरावती (14 जून, सकाळी 9.15)
आबाजी, तिला माझ्याकडे पाठवावे, असे मला मनापासून वाटते. शाळा आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे, शिकवणीची सोय आहे आणि माझ्या मुलीलाही सोबत होईल. वहिनींनी यात परकेपणा मानू नये. मी स्वतः आठवीपासून मामांकडे राहूनच शिकले.

बाबा (14 जून, रात्री 8.40)
दिवसभर वावरात होतो म्हणून उशिरा लिहितो. मृग लागून आठवडा झाला तरी पेरणीजोगा पाऊस नाही. 26 मे रोजीच मुंबईत मोसमी पाऊस पोहोचला, ही बातमी ऐकून गावातल्या काहींनी घाईने सरकी, म्हणजे कपाशीचे बी, टोबली, नंतर पावसाने पाठ फिरवली आणि आता त्यांच्यापुढे दुबार पेरणीचे संकट आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग सांगतो. म्हणून आपली बिजवाई घरातच ठेवली आहे. पाऊस लांबला, तर नेमके शाळेच्या पहिल्या आठवड्यात सरकी, तूर आणि सोयाबीन एकदमच पेरावे लागेल, तेव्हा मजूर मिळणार नाहीत आणि मला धुऱ्यावरून हलता येणार नाही. पोरीने शिकावे यात दुमत नाही, परंतु त्या दिवसांत तिला मोटारसायकलवर नेणे-आणणे माझ्याने होणार नाही, हे आजच सांगून ठेवतो.

काका, पुणे (15 जून, सकाळी 10.05)
दादा, रोज नेण्या-आणण्याची गरजच काय? फाट्यावर सव्वानऊला मानव विकास योजनेची निळी बस येते आणि तीत मुलींना तिकीट लागत नाही. पहिला आठवडा सकाळची शाळा आहे असे समजले. तेवढे सहा दिवस तिला घरीच ठेवावे आणि 30 तारखेपासून बसने पाठवावे. पहिल्या आठवड्यात तसेही कोणी काही शिकवत नाही.

आबाजी (15 जून, सकाळी 10.40)
तुझे शेवटचे वाक्य मी निवृत्त मुख्याध्यापक म्हणून वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. पहिल्या आठवड्यात धडा शिकवत नसतील, परंतु पाठ्यपुस्तके तेव्हाच वाटली जातात, बाकावरच्या जागा ठरतात आणि मैत्रिणीही जुळतात. शिवाय एसटी आता विद्यार्थ्यांचे पास शाळेतच पोहोचवते. त्यासाठी शाळेने यादी द्यावी लागते आणि यादीत यायचे तर नाव पटावर हवे. माझ्या नोकरीत ज्या मुलींची शाळा सुटली, त्यांतल्या बहुतेक नापास होऊन सुटल्या नाहीत. सातवी पास झाल्या, दाखला ट्रंकेत राहिला, 'पेरणी आटोपली की जाईल' असे घरचे म्हणाले आणि पोळ्यापर्यंत तो विषय कोणी काढला नाही.

आई (15 जून, दुपारी 2.30)
आबाजी, ताई आणि भाऊजी, सर्वांनी आपुलकीने लिहिले, परंतु सर्वांचे लक्ष जाण्याकडे आहे, येण्याचा विचार कोणी केलेला नाही. 23 ते 28 जून शाळेची वेळ सकाळी 7 ते 11.45 अशी आहे. सव्वानऊची बस त्या आठवड्यात निरुपयोगी आहे, हे खरेच; पण परतीची बस साडेपाचला आहे. ज्या उन्हामुळे शाळा सकाळची केली, त्याच उन्हात पावणेबारा ते साडेपाच, म्हणजे पावणेसहा तास, तेरा वर्षांच्या मुलीने कोठे थांबावे? बसस्थानकावर पंखा आहे, पाणी नाही, आणि तेथील स्वच्छतागृहाविषयी या ग्रुपवर लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

ताई, तुमच्या घरी ती सुखात राहील, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु सहा दिवसांच्या अडचणीसाठी मुलगी तीन वर्षे घराबाहेर पाठवणे मला पटत नाही. आपल्या गावातून यंदा आठवीला जाणाऱ्या सहा मुली आहेत. सहाही घरांत आज हीच चर्चा चालू आहे, आणि एक मुलगी अडली की बाकीच्यांच्या घरी 'ती तरी कोठे जाते' हे कारण आयते मिळेल.

खर्चाचेही सांगते. पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत मोफत आहेत, परंतु तालुक्याची शाळा खाजगी अनुदानित असल्यामुळे गणवेश आपल्यालाच शिवावा लागेल. कापड मी आणले आहे. येतानाचे तिकीट महिलांना अर्धे असल्याने वाचलेल्या पैशांत रिबिनी आल्या.

आबाजी (17 जून, सायंकाळी 5.20)
सूनबाईंचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मला सुचला नाही, याचे वैषम्य वाटते. आज आगारात जाऊन आलो. शाळेचे पत्र असल्याशिवाय फेरीची वेळ बदलता येत नाही, असे तेथे सौजन्याने सांगण्यात आले. पत्र देणारी शाळा 23 तारखेला उघडणार, आणि बस हवी आहे तीही 23 तारखेलाच! तरी सहा पालकांच्या सह्यांचा अर्ज देऊन पोच घेतली आहे, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

बाबा (18 जून, रात्री 9.10)
गावातल्या ऑटोवाल्याशी बोललो. पहाटे सहाला न्यायचे आणि पावणेबाराला शाळेच्या फाटकातून परत आणायचे, याचे तो दिवसाला 400 रुपये मागतो. सहा दिवसांचे 2400, म्हणजे प्रत्येक घरावर 400 येतात. चार घरे तयार आहेत. एका घरी पेरणीनंतर पैसे देऊ म्हणतात, ते मी सध्या भरतो. सहाव्या घरी मुलीला पाठवायचे की नाही, हेच ठरलेले नाही.

काका, पुणे (18 जून, रात्री 9.25)
सहाव्या घरचे पैसे माझ्याकडून घ्यावेत. मागच्या संदेशातले ते वाक्य मी मागे घेतो.

आई (18 जून, रात्री 9.50)
भाऊजी, तेथे पैशांचा प्रश्न नाही. 'सोबत मोठे कोण' हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो मला गैर वाटत नाही.

आबाजी (19 जून, सकाळी 6.15)
सोबत मी जाईन. सात ते पावणेबारा वाचनालयात बसेन. तसेही घरी याच वेळात मी वर्तमानपत्र वाचतो आणि तुम्हा सर्वांच्या पायांत येतो. सहाव्या घरी आज संध्याकाळी मी आणि सूनबाई दोघे जाऊ.

मी, आजीच्या फोनवरून (19 जून, सायंकाळी 7.30)
आबाजींनी पूर्ण वाक्यांत लिहायला सांगितले म्हणून लिहिते. आत्या, मला तुझ्याकडे दिवाळीच्या सुट्टीत यायचे आहे, राहायला नाही. शाळेत जायची भीती वाटत नाही, पण तिथे आमच्या गावच्या बोलीला हसतात, असे नववीतली ताई सांगत होती. सहा जणी असलो तर चालेल. आजी म्हणते की डब्यात आंब्याचे लोणचे देणार नाही, नव्या गणवेशावर तेल सांडते.

आत्या, अमरावती (19 जून, रात्री 8.05)
दिवाळीला नक्की ये. वहिनी, मी रागावलेली नाही. मामांकडे मी सुखात होते, तरी पहिल्या वर्षी रोज रात्री रडत असे, हे मी आबाजींना कधी सांगितले नव्हते.

बाबा (22 जून, पहाटे 5.30)
रात्रभर चांगला पाऊस पडला. आज ओल पाहतो, उद्यापासून सरकी लावू.

आबाजी (23 जून, दुपारी 12.50)
सहाही मुली सुखरूप घरी पोहोचल्या. पुस्तके मिळाली, दाखले जमा झाले, पासांच्या यादीत नावे लागली. ऑटोचा उजवा पडदा फाटलेला असल्याने त्या बाजूच्या दोघींच्या ओढण्या आणि माझे वर्तमानपत्र भिजले. सूनबाई, खताची रिकामी पोती उसवून ठेवावीत, संध्याकाळी पडदा शिवून घेऊ.