गल्फवरून परतलेल्यांना अडतं ते कर्जाला

गल्फवरून आलेला माणूस बंगला बांधतो, उरलेल्या पैशात किराणा दुकान टाकतो आणि रिस्क घेत नाही, असं म्हणतात, पण ते मला अर्धंच पटतं. खेड-चिपळूणकडे गल्फमध्ये शिकलेलं काम इथे करणारेही आहेत. माझा चुलतभाऊ कुवेतला एसी टेक्निशियन होता, आता हॉटेलांच्या एसींची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट घेतो. प्रत्येक युनिटला कार्ड लटकवतो, गॅस प्रेशर किती, फिल्टर कधी धुतला, सगळं तारखेनिशी, ही सवय तिकडचीच आणि ते कार्ड बघूनच त्याला पुढची कामं मिळाली.

अडलं कर्जाला. बँकेने ३ वर्षांचे आयटी रिटर्न मागितले, पण तिकडच्या पगारावर इथे टॅक्स नाही म्हणून त्याने कधी भरलेच नव्हते, सिबिल स्कोअरही (आधीची कर्जं कशी फेडली त्यावरून मिळणारे गुण) नाही, म्हणजे इतकी वर्षं कमावून बँकेच्या लेखी पाटी कोरी! शेवटी वहिनीचे दागिने ठेवून व्हॅक्युम पंप न् बाकी सामान घेतलं. केरळात नोर्काची (परदेशातल्या केरळींसाठीचं तिथल्या सरकारचं खातं) परतून आलेल्यांसाठी एनडीप्रेम योजना आहे, त्यात निदान २ वर्षं परदेशात काम केलेलं असणं हीच पात्रता, ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला १५ टक्के भांडवली सबसिडी, जास्तीत जास्त ३ लाख. कोकणातल्या पोरांसाठी असं काहीतरी आपल्या सरकारने करायलाच हवं.