अनुभव धागा: शिकारी जातीत न मोडणारा कुत्रा आणि पक्ष्यांची शिकार

लॅब्रॅडॉर, पॉइंटर, स्पॅनियल यांच्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. हा धागा बाकीच्यांचा: ज्यांचा कुत्रा गाडीतून उतरला की इतर शिकारी विचारतात, "हे काय आणलंत?" कुत्रा कोणता, पक्ष्याचा वास लागल्यावर तो नेमकं काय करतो आणि काय अजिबात करत नाही, तेवढं लिहा. नुसतं "फार हुशार आहे हो" नको, ते सगळ्यांचेच असतात. परवाना, हंगाम आणि पक्ष्यांची मर्यादा पाळून केलेल्या शिकारीचेच अनुभव द्यावेत.

सुरुवात मीच करतो. माझा स्टँडर्ड पूडल, काळा, चांगला थोराड. लोक हसतात, पण ही जात मूळची पाण्यातून बदकं आणणारीच. तिचे ते नक्षीदार केससुद्धा त्याच कामातून आले असं मानतात: पोहताना ओझं नको म्हणून मागचे कापायचे, छाती नि सांधे उबेला झाकलेले ठेवायचे. मी मात्र सगळे सरसकट बारीक ठेवतो, नाहीतर संध्याकाळ गोखरू काढण्यात जाते. गार पाण्यात मग त्याला निओप्रीनचं जाकीट घालावंच लागतं.

पंख मोडलेलं बदक बुडी मारून भलतीकडेच वर येतं. हा मागे धडपडत नाही. जिथे ते बुडालं तिथेच सावकाश घिरट्या घालतो, डोकं वर काढलं की झेप. धरतो तो पाठीवरून, दोन्ही पंख अंगाशी दाबून. खोट एकच, त्याला कंटाळा फार लवकर येतो. डमी (सरावासाठी फेकायचा खोटा पक्षी) दोन-तीनदा आणली की पुढच्या वेळी तो माझ्याकडे बघत बसतो, तुम्हीच टाकलीत, तुम्हीच आणा.

बॉर्डर कॉलीवाली:
आमची मेंढ्या वळणाऱ्यांच्या वंशातली. ती पॉइंट करत नाही, म्हणजे पक्ष्याकडे तोंड करून खिळून उभी राहत नाही, रोखून बघते. मान खाली, एक पाय अधांतरी. लांबून पाहणाऱ्याला पॉइंटच वाटतो, आणि मुळात दोन्ही एकाच गोष्टीतून आलेत: झडप घालण्यापूर्वी श्वापद जे थबकतं, ते माणसाने निवडून निवडून वाढवलं. फरक पुढे पडतो. पॉइंटर खिळून राहतो, ही वळसा घालून पक्ष्याच्या पलीकडे जाते.

फेजंटसाठी (कोंबड्यासारखा, लांब शेपटीचा रानपक्षी) हे फार कामाचं. फेजंट उडायच्या आधी पळतो, आणि सरळ मागून जाणाऱ्या कुत्र्याला शेताच्या टोकापर्यंत पळवत नेतो. ही आधीच पुढून आडवी आलेली असते, मग त्याला उडावंच लागतं. पण तो उडतो माझ्या दिशेने, कधी खूप खालून, आणि त्याच रेषेत मागे कुत्री. त्यामुळे आमच्याकडे एकच नियम: पक्ष्यामागे आभाळ दिसल्याशिवाय बार नाही. कितीतरी पक्षी त्यापायी सोडलेत.

कॉली आवाजाला हळव्या असतात. हिला पिल्लू असताना जेवताजेवता खूप लांबून बार ऐकवला आणि अंतर आठवड्या-आठवड्याने कमी केलं. थाळीवरून मान वर केली की त्या दिवसाचं काम बंद.

डॅक्सहुंडवाला:
आखूड पायांवर विनोद करून झाले असतील तर सांगतो. दाट काटेरी जाळीत मोठा कुत्रा कडेने फिरतो, हा बुडातून शिरतो. आत काय चाललंय ते भुंकण्यावरून कळतं. सूर चढला की बंदूक तयार ठेवायची. पायच आखूड, त्यामुळे फार पुढे जात नाही आणि पक्षी टप्प्यातच उठतो. तीस-पस्तीस मीटरपलीकडे उठलेला पक्षी कुणाच्या कामाचा?

खरी कमाल जखमी पक्ष्याच्या मागावर. पडून पळालेला फेजंट हुंगत हुंगत चिकाटीने शोधतो. उचलून आणणं मात्र जमत नाही, एका पंखाला धरून फरफटत आणतो, दर चार पावलांवर विसावा. गाडीतून उडी मारू देत नाही, उचलून उतरवतो. या जातीची पाठ नाजूक.

एअरडेलवाला:
वरचं पूडलचं वर्णन वाचून हेवा वाटला. आमचा यॉर्कशायरच्या एअर नदीकाठच्या टेरियरांचा वारस, पाणमांजरं आणि उंदीर मारणाऱ्यांचा. पाण्याचं भय नाही, थंडीचं नाही, काट्यांचं नाही. पक्षी सोडावासाच वाटत नाही ही अडचण. आणलेला प्रत्येक पक्षी तळहातावर घेऊन मी दोन्ही बाजूंच्या बरगड्या चाचपतो. गोल आणि घट्ट लागल्या तर ठीक, एका बाजूला चेपल्या असतील तर स्वारीने रस्त्यात हिशेब चुकता केलाय. ओढाताण खेळायची नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. पोरं ऐकत नाहीत.

हस्कीवाला:
नाद सोडा. पक्षी उठवतो झकास, अर्धा मैल पुढे. पडलेला सापडला तर तिथेच खातो. बर्फात ओढायला उत्तम कुत्रा.

वळलेल्या शेपटीचा मिश्र कुत्रा पाळणारा:
आमचा कुठल्याच जातीचा नाही, पण वळण स्पिट्झचं, म्हणजे उभ्या कानांच्या, वळलेल्या शेपटीच्या उत्तरेकडच्या कुत्र्यांचं. जंगलात ग्राउज (थंड प्रदेशातला रानकोंबड्यासारखा पक्षी) उठला की त्याच्यामागे धावतो, तो झाडावर बसला की बुंध्याशी भुंकत राहतो. पॉइंटरवाले मित्र नाक मुरडतात. फिनलंडमध्ये हीच पद्धत मानाची आहे. फिनिश स्पिट्झ तिथला 1979 पासून राष्ट्रीय कुत्रा, आणि भुंकून कॅपरकेलीला, म्हणजे ग्राउजच्याच कुळातल्या मोठ्या पक्ष्याला, झाडावर गुंतवून ठेवणं हेच त्याचं काम. पक्षी खाली कुत्र्याकडे बघत बसतो, तेवढ्यात आपण दबक्या पावलांनी जवळ जायचं. त्याला गप्प करायचा नाद मी सोडला, आता आवाजाच्या दिशेने चालतो.

एक प्रश्न: जर्मन शेफर्ड मिश्र पिल्लू आहे, सहा महिन्यांचं. कुठून सुरुवात करू?

धागाकर्ता:
बंदूक अजून बाजूला ठेवा. आधी बोलावल्यावर येणं पक्कं करा, पळत्या सशावरूनही परत यायला हवं. मग सकाळच्या दमट, मंद वाऱ्याच्या वेळी वाऱ्याला तोंड करून गवतात फिरवा आणि पक्ष्याचा वास आल्यावर ते काय करतं ते बघा: थबकतं, घुसतं, वळसा घालतं की भुंकतं. ते इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल. आणि घरी आल्यावर कान, पायाच्या बोटांमधल्या फटी तपासा. कुसळ एकदा आत शिरलं की पुढे पुढेच सरकतं, मग डॉक्टरच लागतो.